‘महिला व अन्य’ : इतिहासाच्या एका धड्याची चिकित्सा

नववीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या पुस्तकातले (बालभारती, २०१७) सहावे प्रकरण ‘महिला व अन्य दुर्बल घटकांचे सक्षमीकरण’ या नावाचे आहे. आठवीच्या पुस्तकात (२०१८) ‘समतेचा लढा’ नावाचे प्रकरण आहे. त्यात शेतकरी, कामगार, स्त्रिया, दलित यांच्या चळवळी आपापल्या मथळ्याखाली एकापाठोपाठ एक येतात. नववीतही तोच प्रकार. महिला एकीकडे, अनुसूचित जाती, जमाती, अल्पसंख्याक दुसरीकडे. शिक्षक या क्रमाने शिकवतात, मुले या क्रमाने पाठ करतात आणि परीक्षेत एकेका मथळ्यावर एकेक प्रश्न येतो.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. आमचे काम प्रयोगशाळेतले. पण वर्गीकरण हा आमच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, आणि या धड्यातली पहिली चूक वर्गीकरणाची आहे असे आम्हाला वाटते. समजा, एखाद्या मुलाने प्राण्यांचे ‘सस्तन’, ‘पाळीव’ आणि ‘काळे’ असे तीन गट पाडले. काळी गाय कुठे ठेवायची? ती तिन्ही गटांत बसते. मग तिला कोणत्याही एकाच गटात ठेवले की उरलेल्या दोन गटांना तिचा पत्ता लागत नाही. विज्ञानाचा कोणताही शिक्षक ही चूक लगेच पकडेल आणि सांगेल, बाबा रे, तू तीन वेगवेगळे निकष एकत्र केलेस. ‘महिला’, ‘अनुसूचित जाती’, ‘अनुसूचित जमाती’, ‘अल्पसंख्याक’ हे असेच आहे. अनुसूचित जातीतल्या निम्म्या माणसांचे काय करायचे, हे ‘व अन्य’ या दोन शब्दांनी ठरवलेच नाही.

पुस्तक लिहिणाऱ्यांवर अन्याय करायचा नाही. जुन्या पुस्तकांत सुधारकांच्या नावांची यादी आणि कायद्यांची साले एवढाच हा विषय असे. नव्या प्रकरणात १९७२ चा लाटणे मोर्चा आहे, चिपको आहे, दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या ते आहे. म्हणजे सामान्य स्त्री हे काही करणारी म्हणून दिसू लागली, ही मोठीच सुधारणा. आमची तक्रार अमुक नाव राहिले, तमुक राहिले अशी नाही. नावे वाढवून हा दोष जात नाही. दोष आहे तो ‘स्त्री’ हा शब्द एकवचनी वापरण्यात.

प्रथांच्या यादीपासून सुरुवात करू. सती, बालविवाह, सक्तीचे वैधव्य, केशवपन या ‘अनिष्ट रूढी’ म्हणून ओळीने शिकवल्या जातात, आणि समोर १८२९, १८५६, १८९१, १९२९ असे कायदे. जोड्या लावा. या रूढी होत्याच का, हा प्रश्न कुठे येत नाही. आला तर ‘अज्ञान’ हे उत्तर तयार असते. ताप, खोकला, अंगदुखी यांची तीन वेगळी औषधे पाठ करून घ्यावीत आणि रोगाचे नाव घेऊच नये, तसे हे झाले.

या रूढींमागे एकच कारण आहे असे म्हणणारा एक निबंध शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. विज्ञानाच्या शिक्षकाने तो जरूर वाचावा, कारण त्यातला युक्तिवाद चक्क अंकगणिताचा आहे. तो वर्गात करून दाखवता येतो.

एका वाटीत वीस चिंचोके आणि वीस हरभरे घ्या. चिंचोके म्हणजे बायका, हरभरे म्हणजे पुरुष. जोड्या लावा. नियम एकच : जोडी वाटीतल्या वाटीत लागली पाहिजे, बाहेर जायचे नाही. सगळे नीट जुळते. आता एक हरभरा काढून घ्या, म्हणजे एक नवरा मेला. त्याचा चिंचोका एकटा उरला आणि वाटीतले बाकीचे सगळे हरभरे गुंतलेले आहेत. या चिंचोक्याचे काय करायचे? तो वाटीबाहेर गेला तर नियम मोडला. वाटीतच ठेवून त्याला पुन्हा जोडीदार दिला तर कुठल्यातरी दुसऱ्या चिंचोक्याच्या वाट्याचा हरभरा गेला. उरतात दोन मार्ग. चिंचोका वाटीतून कायमचा नाहीसा करणे, किंवा वाटीत ठेवून जोडीच्या हिशेबातून बाद करणे. पहिल्याचे नाव सती, दुसऱ्याचे सक्तीचे वैधव्य. केशवपन हे ‘बाद झाली’ ही खूण.

आता उलट करा. चिंचोका काढा, हरभरा एकटा उरू द्या. तोही हिशेबात जास्तीचाच आहे. पण नियम करणारे हरभरेच असल्याने त्याला जाळून टाकावे असे कोणी सुचवत नाही, आणि आजन्म ब्रह्मचर्य कितीसे पाळले जाणार? मग त्याच्यासाठी शेजारची छोटी वाटी उघडतात, पुढच्या पिढीची. त्यातला एक चिंचोका त्याला देतात. हा बालविवाह. जात टिकवायची म्हणजे वाटीचा नियम टिकवायचा, आणि तो टिकवण्याची किंमत बाईच्या अंगावर टाकायची, असा या निबंधाचा गाभा आहे.

चिंचोके मांडून बसले की पुढची एक पायरी निबंधाच्या आधाराशिवायही दिसते. बिजवराला छोट्या वाटीतली मुलगी दिली की नवरा-बायकोच्या वयातले अंतर वाढले. अंतर वाढले की नवरा आधी मरण्याचा संभव वाढला. म्हणजे एकट्या उरणाऱ्या चिंचोक्यांची संख्या वाढली, आणि तीही लहान वयात. इकडे छोट्या वाटीतला एक हरभरा जोडीदाराविना राहिला. त्याला आणखी लहान वाटीत हात घालावा लागणार. परिणामच पुन्हा कारण होऊन बसते. असे स्वतःला पोसणारे चक्र समजायला मुलांना इतिहासाच्या तासासारखी जागा क्वचितच मिळेल. प्रयोगाची एक मर्यादा मुलांना आधीच सांगावी : सुरुवातीला दोन्हींची संख्या सारखी आहे हे गृहीत धरले आहे. आणि एक सूचना शिक्षकांसाठी. वाटीला कोणत्याही जातीचे नाव देऊ नका. मुले ते मनातल्या मनात देतात.

जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचा धडाही या वाटीशेजारी ठेवून बघावा. जिल्ह्याला २०२४ मध्ये त्यांचे नाव मिळाल्यापासून शाळाशाळांत घाट आणि मंदिरे यांचे तक्ते लागले आहेत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले आणि सासरे मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिले नाही, ही गोष्ट त्या तक्त्यात एका ओळीत असते. वाटीच्या हिशेबाने बाद होणारी ती बाई पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवते. तिला थांबवले ते दयेने की राज्याच्या गरजेने, हा प्रश्न घाटांच्या यादीपेक्षा नववीच्या मुलांना अधिक काळ पुरेल.

त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, आणि वैज्ञानिकाला ते फार आवडावे, कारण ते तपासून पाहता येते. या प्रथा वरच्या जातीत सुरू झाल्या आणि अनुकरणाने खाली पसरल्या, असे आंबेडकर म्हणतात. तसे असेल तर अंतरानुसार तीव्रता कमी होत गेली पाहिजे. ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींत तिन्ही प्रथा, त्यापलीकडे सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह, त्याहून दूर फक्त बालविवाह, आणि सर्वांत दूर नुसताच जातीबाहेर लग्न न करण्याचा नियम. महाराष्ट्रात ताळा घेणे अवघड नाही. कुणबी, माळी, धनगर, महार अशा अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे; मोहतूर हा शब्द आजही म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. मग १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने ‘स्त्रीला’ पुनर्विवाहाचा हक्क मिळाला असे आपण शिकवतो, तो कोणत्या स्त्रीला?

इथे थोडे थांबायला हवे, कारण गोष्ट यापुढे अधिक बिघडते. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक अट होती. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल, ती मेलीच असे समजून मिळकत पुढच्या वारसाकडे जाईल. ज्या जातींत पुनर्विवाहाला मुळात बंदी नव्हती आणि ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांनाही ही अट लागू आहे का, असा वाद कोर्टात गेला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८९६ साली ‘हो’ म्हटले. म्हणजे जो कायदा ब्राह्मण विधवेसाठी हक्क म्हणून आला, तोच पाट लावणाऱ्या शेतकरी बाईसाठी मिळकत हिरावणारा ठरू शकला. कायदा एक, साल एक, आणि परिणाम उलटे. एकच द्रावण दोन परीक्षानळ्यांत ओतले आणि एकात रंग आला, दुसऱ्यात गेला, तर आपण ‘द्रावणाने रंग येतो’ असे लिहू का? आधी नळीत काय होते ते विचारू. इतिहासाच्या तासाला मात्र हा प्रश्न विचारला जात नाही.

चिंचोक्यांचा नमुना सगळेच सांगत नाही. तो लग्नापुरता बोलतो. कष्ट, भूक, अंगावरचे छप्पर यांबद्दल गप्प राहतो. ती उणीव भरून काढणारा मजकूर नगरच्या मातीशी नाते सांगणाऱ्या एका नियतकालिकात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध दोन भागांत आला. ही मांग जातीची, सुमारे चौदा वर्षांची, पुण्याला फुल्यांच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती बाळंतपणावर येते. आपल्या जातीच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील ते आपल्या अनुभवावरून ओळखा, असे ती वाचणाऱ्यांना बजावते. हा मजकूर कोणत्या खान्यात घालाल, स्त्रियांच्या की दलितांच्या? पुस्तकाच्या रचनेने तो एकातच घालावा लागतो. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहितात, त्याचे निमित्त सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेली शिक्षा हे होते. मराठा बाई ब्राह्मण विधवेसाठी लेखणी उचलते. पुण्यात शिकणारी मांग मुलगी सत्तावीस वर्षे आधी त्याहून वेगळेच काही सांगून गेलेली असते. दोन्ही उतारे शेजारी ठेवून मुलांना एवढेच विचारावे : या दोघींना एकमेकींचे दुःख कळले असते का?

नगरच्या शिक्षकाला या विषयासाठी लांब जावे लागत नाही. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली आणि १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले आणि या शाळा पाहून त्यांच्या मनात मुलींच्या शाळेने घर केले, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा एक भागही फॅरारबाईंकडे झाल्याचे सांगितले जाते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तला बराच भाग नगर आणि राहुरीत घडतो, कडक सोवळ्यात वाढलेली एक बाई जातीचा विटाळ अंगावरून कसा थोडाथोडा उतरवते, याचे इतके विनोदी आणि इतके प्रामाणिक वर्णन मराठीत दुसरे नसेल. (जाता जाता : पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन दौंडजवळच्या केडगावचे, नगरला लागून असलेल्या केडगावचे नव्हे. सहल काढण्यापूर्वी हे बघून घ्यावे.)

‘सांगितले जाते’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. स्त्रियांचा इतिहास शिकवताना पुराव्याची प्रतवारी करण्याची सवय आपण मुलांना लावत नाही, आणि त्याची किंमत द्यावी लागते. फातिमा शेख यांचे उदाहरण ताजे आहे. काही वर्षे त्यांच्यावर ‘पहिल्या मुस्लिम शिक्षिका’ म्हणून भित्तीपत्रके निघत होती, ९ जानेवारी ही जन्मतारीखही छापली जात होती. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने ही व्यक्ती आपणच रचली होती असा दावा केला आणि जे काल जयंती करत होते त्यांच्यातलेच काही लगेच ‘अशी कोणी नव्हतीच’ म्हणू लागले. दोन्ही टोके सारखीच अशास्त्रीय. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून जोतीरावांना लिहिलेले पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयात (संपादक मा. गो. माळी, १९८८) छापलेले आहे, त्यात आपल्या पश्चात फातिमावर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे वाक्य आहे. हा पुरावा २०२५ च्या वादाहून किती तरी जुना. तो काय सिद्ध करतो? फातिमा नावाची सहकारी होती, ती कामाचा भार उचलत होती, आणि सावित्रीबाईंचा तिच्यावर विश्वास होता. जन्मतारीख आणि ‘पहिली’ हा किताब त्यातून निघत नाही. आमच्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ या ‘पहिली’मध्येच आहे. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेला हे सोयीचे असते, पण पहिली ठरवली की दुसरी, तिसरी आणि तिच्याबरोबर राबणारी पुसली जाते.

सावित्रीबाईंच्या त्याच पत्रांतले दुसरे, २९ ऑगस्ट १८६८ चे पत्र नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत वाचले जावे असे आम्हाला वाटते. गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जडले, मुलीला दिवस गेले. गावकरी दोघांना मारायला घेऊन निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवून त्यांना जोतीरावांकडे धाडले. वाटीचा नियम मोडला तर काय होते, याचा हा लेखी पुरावा. आणि याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सोनईला १ जानेवारी २०१३ रोजी तीन सफाई कामगार तरुणांचे खून झाले; त्यांच्यातल्या एकाचे वरच्या जातीतल्या मुलीशी प्रेम होते, हे त्यामागचे कारण न्यायालयासमोर आले. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून शाळकरी दलित मुलाचा खून झाल्याचा खटला उभा राहिला. २०१७ साली साक्षीदार उलटल्यावर सगळे आरोपी सुटले. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यात कोपर्डीला एका शाळकरी मराठा मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि त्या दुःखातून निघालेल्या मोर्चांनी सारा महाराष्ट्र व्यापला. या घटनांनंतर कोण कोणासाठी रस्त्यावर आले आणि कोण घरी बसले, हे इथल्या मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचे आईवडील त्या वेळी कुठल्या ना कुठल्या बाजूला होते. अशा वर्गात २०१४ वर थेट बोलणे शिक्षकाला जड जाते, हे समजण्यासारखे आहे. त्याला त्याच गावात राहायचे असते. १८६८ वर मात्र बोलता येते. पत्र वाचावे, वाटी मांडावी आणि थांबावे. पुढचे वाक्य मुलांपैकीच कोणीतरी बोलते, आणि बोलले नाही तरी हरकत नाही.

खाने पाडल्याने नुसती माणसे हरवत नाहीत, कार्यकारणही हरवते. सोनईपासून हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर आहे. तिथल्या चौथऱ्यावर बायकांनी चढू नये, असा दंडक होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० सालीच त्याविरुद्ध आवाज उठवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर गेली तेव्हा मागाहून शिळेचे ‘शुद्धीकरण’ झाले. २६ जानेवारी २०१६ रोजी निघालेला महिलांचा मोर्चा सुप्याला अडवला गेला. त्याच महिन्यात देवस्थानच्या अध्यक्षपदी प्रथमच एक महिला आली, आणि तिने दंडकाची बाजू घेतली; ‘स्त्री’ हा शब्द एकवचनी नसतो याचे इतके चपखल उदाहरण शोधून मिळणार नाही. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने बायकांना प्रवेशाचा हक्क आहे आणि तो राबवणे सरकारचे कर्तव्य आहे असे सांगितले. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला.

हे सगळे वर्तमानपत्रांतून आले. जे फारसे आले नाही ते असे : हा हक्क कोणत्या कायद्याने दिला? महाराष्ट्र हिंदू सार्वजनिक उपासनास्थान प्रवेश अधिकार कायदा, १९५६. हा कायदा बायकांसाठी झालाच नव्हता. तो झाला अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना देवळात जाता यावे म्हणून, आणि त्यामागे पर्वतीचा १९२९ चा सत्याग्रह होता, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० ते १९३५ चा लढा होता, १९४७ चे साने गुरुजींचे पंढरपूरचे उपोषण होते. काळारामाच्या सत्याग्रहात दलित बायका होत्या. त्यांच्यासारख्या बायकांना गाठून, घरी बसून, त्यांच्या तोंडून ऐकलेला इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आणला. नाशिकच्या देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या त्या बायकांच्या लढ्याने आलेला कायदा साठ वर्षांनी सवर्ण बायकांना शिंगणापूरच्या चौथऱ्यावर घेऊन गेला. आठवीच्या पुस्तकातला ‘दलित चळवळ’ हा मथळा आणि ‘स्त्रियांची चळवळ’ हा मथळा यांच्यामध्ये हा पूल आहे. पण मथळेच वेगळे असल्याने तो कोणत्याही पानावर येत नाही. (तलाकच्या प्रश्नाचेही तेच. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तलाक रद्द केला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. हा स्त्रियांचा लढा की अल्पसंख्याकांचा, या प्रश्नातच तो अर्धशतक अडकून पडला होता.)

जामखेडलाच १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. बाहेरून आणलेल्या परिचारिका गावांत रुजेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना निवडले. त्यांतल्या अनेक निरक्षर, अनेक दलित. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्याकडे बाळंतिणीला न्यावे लागले. मुक्ताने १८५५ साली मांडलेल्या बाळंतपणाच्या दुःखाला शंभराहून अधिक वर्षांनी मिळालेले हे एक उत्तर. हे काम आपण आरोग्याच्या धड्यात सांगतो. इतिहासाच्या धड्यात ते का नाही, हे आम्हाला कळलेले नाही.

या धड्यावर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न कायद्यांचा. वर्गात सांगितले जाते की १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. वाक्य बरोबर आहे. आता हेच वाक्य अकोले तालुक्यातल्या राजूरच्या शाळेत उच्चारून पाहा. समोर बसलेल्या मुलींत महादेव कोळी आणि ठाकर मुली बऱ्याच असणार. दोन्ही अनुसूचित जमाती. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २, पोटकलम २ : केंद्र सरकारने तसे अधिसूचित केल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे फळ्यावर लिहिलेले वाक्य त्या मुलींपुरते खरे नाही, आणि वर्गात एखादी मुस्लिम मुलगी असेल तर तिचा वारसा तिसऱ्याच कायद्याने ठरतो. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीकडच्या वारसांना समान वाटा दिला, पण तो समतेच्या घटनात्मक तत्त्वावर; १९५६ चा कायदा जमातींना लागू नाही, हे न्यायालयाने त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात पुन्हा सांगितले. उलट २००६ च्या वनहक्क कायद्यात एक तरतूद आहे : विवाहितांच्या जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. बाईच्या नावाने जमीन लागण्याच्या बाबतीत ही तरतूद बिगरआदिवासी बायकांना मिळालेल्या पुष्कळ गोष्टींच्या पुढे आहे. ती आणली जंगलातल्या जमिनीसाठी लढलेल्या आदिवासींनी, आणि म्हणून ‘स्त्रियांविषयक कायदे’ या चौकटीत ती सापडत नाही.

राजूरच्या शिक्षकाने हा धडा घेताना मुलींना घरचा वनहक्काचा दाखला वहीत उतरवून आणायला सांगावा. त्यावर आईचे नाव आहे का, असल्यास कितव्या ओळीत, आणि आईला ते ठाऊक आहे का.